चोरीची गाडी खोलणारा आणि गाडी चोरणारा: गुन्हे दोन, कलमं दोन

गाडीचोरांची टोळी पकडली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गाडी उचलणारा पोरगा, ती खोलणारा मिस्त्री आणि इंजिन विकत घेणारा कबाडी असे सगळे एका ओळीत 'वाहनचोर' होऊन जातात. याच बातम्या वाचणाऱ्या गॅरेजवाल्यांत नेमका उलटा समज असतो. 'चोरी त्यानं केली, मी त फक्त पार्ट घेतला, मले काय होते?' नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी प्रकरणं चालवताना हे वाक्य मी अशिलांच्या तोंडून सारखं ऐकतो. बातमीही चूक आणि अशीलही चूक. मला काळजी अशिलाच्या चुकीची जास्त वाटते, कारण तिच्यापायी माणूस आत जातो.

चोरी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं हलवली की चोरी झाली. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 303, शिक्षा साधारणपणे तीन वर्षांपर्यंत. माल किंवा प्रवासी वाहून नेणारं वाहन चोरलं तर कलम 305 लागू शकतं, तिथे सात वर्षांपर्यंत. जुन्या सवयीनं लोक अजून आधीच्या भारतीय दंड संहितेतले आकडे सांगतात: चोरीला 379 आणि चोरीचा माल घेण्याला 411. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्याला ते आकडे लागत नाहीत, आणि वकिलांनी तरी हे लक्षात ठेवायला हवं.

चोरीबद्दल एकच गोष्ट ध्यानात घ्या. ती गाडी हलवल्या क्षणी पूर्ण होते. सीताबर्डीवर लावलेली मोटारसायकल लॉक तोडून रस्त्यावर आणली की चोराचं काम झालं. रात्री ती कामठी रोडवरच्या एखाद्या शेडमध्ये आली आणि मिस्त्रीनं पाना लावला, तेव्हा चोरी होऊन गेलेली असते, म्हणून मिस्त्री चोर ठरत नाही. अपवाद एकच. त्यानं आधीच सांगून ठेवलं असेल की अमुक मॉडेलची गाडी आण, इंजिनाला गिऱ्हाईक तयार आहे, तर तो कटात सामील झाला आणि मग चोरीच्या कलमातूनही सुटत नाही.

आधी सांगून ठेवलं नसेल तर त्याचा गुन्हा कलम 317 मध्ये, म्हणजे चोरीच्या मालाच्या कलमात येतो. आपल्याकडे गाडी खोलण्याच्या धंद्यासाठी वेगळा गुन्हा नाही. अमेरिकेत 1992 पासून संघराज्याचा स्वतंत्र कायदा आहे: चोरीच्या गाड्या खोलण्याचा अड्डा चालवला तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. आपल्याला 317 वरच भागवावं लागतं, आणि ते कलम वाटतं त्यापेक्षा पुष्कळ लांबवर पोचतं. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणं किंवा जवळ ठेवणं याला पोटकलम 2 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल स्वतः न घेता तो लपवायला, विकायला, नाहीसा करायला मदत केली तर पोटकलम 5, शिक्षा तेवढीच. 'मी फक्त खोलायची मजुरी घेतली, एक बोल्ट घरी नेला नाही' म्हणणारा मिस्त्री याच पोटकलमात सापडतो. गाडीचे तुकडे केले म्हणून तुकड्यांचा चोरीचा डाग पुसला जात नाही. इंजिन वेगळं, टाकी वेगळी, चाकं वेगळी केली तरी तो सगळा चोरीचाच माल.

आता ज्या एका ठिकाणी जवळपास सगळे घसरतात, तिथे येऊ: मालाबद्दल माणसाला काय माहीत होतं.

चोराच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अडत नाही. गाडी आपली नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. 317 मध्ये सगळं यावरच टेकलेलं आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणं, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असणं, या दोनपैकी एक गोष्ट सरकार पक्षाला सिद्ध करावी लागते. गॅरेजवाले पहिलीच धरून बसतात. त्यांना वाटतं, 'ही चोरीची आहे' असं कोणी तोंडानं सांगितलं नाही म्हणजे आपण मोकळे. तसं अजिबात नाही. चोर सांगत नसतो, आणि कायद्याला ते ठाऊक आहे. म्हणून दुसरी गोष्ट ठेवली आहे.

पण दुसऱ्या टोकाचा समजही तेवढाच चुकीचा आहे. 'शंका यायला हवी होती' एवढ्यावर शिक्षा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं हे 1880 सालीच रंगो तिमाजी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. परिस्थिती अशी असावी लागते की समंजस माणसाची खात्रीच पटावी, हा माल चोरीचा असणार. आरोपी निष्काळजी होता, त्याला शंका घ्यायला जागा होती, त्यानं पुरेशी चौकशी केली नाही, एवढं दाखवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1954 च्या त्र्यंबक प्रकरणात सरकार पक्षानं काय काय सिद्ध करायचं ते सांगितलं, त्यातही आरोपीला माल चोरीचा असल्याची जाणीव होती हा मुद्दा आहे. 2022 मध्ये त्याच न्यायालयानं शिवकुमार प्रकरणात हीच भूमिका पुन्हा घेतली. नुसत्या स्वस्त भावाच्या जोरावर दोषारोपपत्र लिहिणाऱ्या तपास अधिकाऱ्यांनी हे निकाल एकदा तरी वाचावेत, असं मला मनापासून वाटतं. जुन्या पार्टांच्या बाजारात भाव पडलेलाच असतो. भाव हा पुरावा आहे, पण एकटा तो लंगडा आहे.

मग खात्री पटावी असं काय असतं? गाडी समोर उभी करून बघा. हँडलखालच्या मानेवर चेसिस नंबर असतो. तिथे ग्राइंडर फिरवल्याचे ताजे चमकते ओरखडे आहेत. इंजिनाच्या खोक्यावर नंबरची जागा छिन्नीनं ठोकून सपाट केली आहे. स्टेअरिंगचं लॉक तुटलेलं, इग्निशनच्या वायरी कपलरमधून न काढता कापून एकमेकींना पिळलेल्या. आरसी म्हणजे नोंदणीपत्र नाही, आणणारा वीस वर्षांचा पोरगा, वेळ रात्री अकराची, आणि त्याला पैसे रोख, आत्ताच्या आत्ता हवेत. यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर शंकाच. सगळ्या एकत्र आल्या की रोज पन्नास गाड्या हाताळणारा मिस्त्री 'मले काय मालूम' म्हणू शकत नाही. सामान्य ग्राहकाला घासलेला नंबर कदाचित दिसणारही नाही. मिस्त्रीला दिसतो. हा फरक न्यायालय बघतं, आणि बघायलाच हवा.

याच्या जोडीला भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 119 येतं. चोरीनंतर लगेच ज्याच्या ताब्यात माल सापडला, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं, जोवर तो ताब्याचा खुलासा देत नाही. 'धरू शकतं' म्हणजे धरलंच पाहिजे असं नाही. 'लगेच'चा हिशेब मालावर अवलंबून असतो. चालू मॉडेलचा हेडलाइट आठवड्यात चार हात फिरतो, अख्खा ट्रक तसा फिरत नाही. खुलासा म्हणजे काय, याबद्दलही लोकांचा गोंधळ आहे. 'जुना माल, रोख' एवढंच खरडलेली कच्ची पावती हा खुलासा नव्हे. विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, आरसी, गाडीचा नंबर आणि तारीख असेल तर ती पावती कामाची. माझ्या अशिलांना मी एकच सांगतो: हे सगळं मागितल्यावर जो निघून जातो, त्याचा माल घेऊ नका.

आणखी एक अर्धवट समज: 'घेताना माहीत नव्हतं, मग संपलं.' संपत नाही. कलमात घेणं आहे तसं जवळ ठेवणंही आहे. समजा तुम्ही चांगल्या मनानं इको गाडीचा सायलेंसर घेतला. त्यातल्या धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात, म्हणूनच हे सायलेंसर उभ्या गाड्यांखालून चोरीला जातात. महिन्याभरानं कळलं की तो शेजारच्या वस्तीतल्या गाडीचा होता. त्या दिवसापासून अप्रामाणिकपणे ठेवून घेतलात तर गुन्हा त्या दिवसापासून तुमचा.

बाकीचे फरक थोडक्यात. ज्यानं गाडी चोरली त्यालाच त्याच गाडीबद्दल चोरीचा माल घेतल्याची वेगळी शिक्षा होत नाही. मात्र घेणाऱ्याचा गुन्हा हलका, हा समज काढून टाका. सवयीनं चोरीचा माल घेणाऱ्याला पोटकलम 4 खाली दहा वर्षांपर्यंत किंवा थेट जन्मठेप आहे, साध्या चोराला नाही. सवय सिद्ध करायला वेगवेगळ्या वेळचे व्यवहार दाखवावे लागतात. एका रात्री एकदम आलेला ढीगभर माल म्हणजे सवय नव्हे. शिवाय कलम 111 मधल्या संघटित गुन्हेगारीच्या यादीत वाहनचोरीचं नाव स्पष्ट आहे. टोळी असेल आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल असतील तर किमान पाच वर्षांची गोष्ट होते. मेरठच्या सोतीगंजचा सुट्या भागांचा बाजार 2021 च्या शेवटी बंद पडला तो चोर पकडून नव्हे, माल घेणाऱ्यांच्या मालमत्तांवर टाच आणून. कारवाईची ही दिशा मला योग्य वाटते. घेणारा नसेल तर उचललेली गाडी चोराच्या गळ्यात पडते.

कायदेशीर भंगार याच्याशी मिसळू नका. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडण्याआधी ती चोरीच्या नोंदीत नाही ना हे तपासलं जातं, चेसिस नंबरचा तुकडा कापून जपून ठेवला जातो आणि मालकाला प्रमाणपत्र मिळतं. ओळखीच्या कबाड्याला जुनी स्कूटर देऊन आरसी घरातच ठेवणारे पुष्कळ आहेत. गाडी कायमची मोडीत निघाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाचं काम आहे. ते केलं नाही तर तुमच्या मेलेल्या स्कूटरचा नंबर चोरीच्या गाडीवर फिरू शकतो.

शेवटचा प्रश्न नेहमी हाच येतो: माल चोरीचा निघाला, आता काय करू? बहुतेकांना सुचतं ते म्हणजे आणणाऱ्याला परत देऊन टाकणं. तेच करू नका. चोरीचा माल आहे हे कळल्यावर तो त्याच माणसाच्या हाती दिलात, तर माल नाहीसा करायला मदत केली असा अर्थ निघू शकतो, म्हणजे पोटकलम 5. भंगारात फेकणंही तसंच. माल आहे तसा ठेवा, घासूपुसू नका, पावती आणि फोनमधले मेसेज जपा, वकिलाला सोबत घेऊन ठाण्यात जा आणि पंचनामा करून माल जमा करा. दिलेले पैसे पोलीस परत मिळवून देणार नाहीत, ते विकणाऱ्याकडूनच वसूल करावे लागतील. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.