कार्बोरेटरचा पेट्रोल पाइप आणि इंजेक्टरचा पेट्रोल पाइप: दिसतात सारखे, पण एकाच्या जागी दुसरा लावू नका

जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या लोकांकडून मला दर थोड्या दिवसांनी तोच फोटो येतो. सत्तरच्या दशकातली इंजेक्शनवाली (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी, बॉनेट उघडं, इंजेक्टरांवर नवेकोरे काळे पाइप, आणि खाली लिहिलेलं "सगळे पाइप बदलले, आता दहा वर्षं बघायला नको". मी फोटो मोठा करून पाइपावरची पांढरी अक्षरं वाचतो आणि बहुतेक वेळा तिथे ३०आर७ छापलेलं असतं, म्हणजे कार्बोरेटरला चालणारा आर७ जातीचा पाइप, इंजेक्टरला मात्र आर९ लागतो. मग परत पहिल्यापासून सगळं सांगायचं. म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतोय.

कार्बोरेटरच्या पाइपाबद्दल फार बोलत नाही, तो तुम्हाला माहितीये. घरी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर असलेल्या कुणालाही माहितीये. इंजिनावर चालणारा मेकॅनिकल पंप, प्रेशर जेमतेम तीन-चार पीएसआय (चौरस इंचामागे पौंड), पाइप म्हातारा झाला की थेंब थेंब गळतो, वास येतो, आपण तेवढा तुकडा कापून परत क्लिप आवळतो. त्या कामाला आर७ योग्यच आहे, माझी तक्रार त्या पाइपाबद्दल नाहीये.

माझी गाडी १९७७ची डॅटसन २८०झेड, इथे अमेरिकेत. १९७५ ते ७८ या मॉडेलांना बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीचं इंजेक्शन होतं, सहा सिलिंडरांना सहा इंजेक्टर आणि सातवा कोल्ड स्टार्टचा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना लागणारा. प्रत्येक इंजेक्टर फ्युएल रेलला (सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला) रबरी पाइपाच्या छोट्या तुकड्याने जोडलेला. इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ, आणि रेलमधलं प्रेशर साधारण ३६ पीएसआय.

आता इथेच सगळे फसतात. आर७ पाइपावर ५० पीएसआय लिहिलेलं असतं, आपलं प्रेशर ३६, म्हणजे चाललं की! मी पण असंच गणित केलं होतं. दुकानात काउंटरवरच्या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं की इंजेक्टरसाठी पाहिजे, त्याने रोलवरून कापून दिला आणि "फ्युएल होज म्हणजे फ्युएल होज" म्हणाला, मी आकडा बघितला आणि घेऊन आलो. वर्षभराने गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा वास यायला लागला. थेंब कुठेच नाही, क्लिपा घट्ट, जमीन कोरडी. शेवटी प्रत्येक तुकड्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला आणि सकाळी वास घेतला, सहाच्या सहा कागदांना पेट्रोलचा वास. जॉइंट गळत नव्हते, पाइपालाच घाम येत होता.

खरा फरक प्रेशरचा नाहीच, आतल्या अस्तराचा आहे. आर७चं अस्तर नायट्राइल रबराचं, आणि रबरातून पेट्रोल हळूहळू आरपार झिरपतं. एसएईच्या (वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या) स्टँडर्डमध्ये ते किती झिरपलं तर चालेल याची मर्यादाच दिलेली आहे, आर७ला दिवसाला चौरस मीटरमागे ५५० ग्रॅम, आर९ला फक्त १५ ग्रॅम. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आर९चं अस्तर फ्लोरोइलास्टोमरचं असतं, विटॉन म्हणतात त्या जातीचं, त्यातून पेट्रोल सहजी जात नाही आणि इथेनॉलही ते जास्त चांगलं सोसतं. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि तिकडे महाराष्ट्रात तर आता २० टक्केवालं मिळतंय, तेव्हा जुन्या इंजेक्शन गाडीवाल्यांनी हे माझ्यापेक्षा जास्त मनावर घ्यायला पाहिजे. प्रेशरचं म्हणाल तर आर९ १०० पीएसआयचा असतोच, म्हणजे उद्या प्रेशर रेग्युलेटर अडकला किंवा जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन दबली आणि रेलमधलं प्रेशर ३६च्या बरंच वर गेलं तरी हाताशी जागा राहते.

आणि २८०झेडमध्ये हे इतकं का महत्त्वाचं ते बॉनेट उघडल्यावर समोरच दिसतं. या इंजिनाच्या हेडला इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, इंजेक्टरच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कार्बोरेटरचा पाइप फुटला की थेंब पडतो, इथे फुटला की ३६ पीएसआयचा फवारा उडतो, आणि इंजिन चालू आहे तोवर पंप ढकलतच राहतो. गाडी बंद केल्यावरही लाइनमध्ये प्रेशर काही वेळ टिकून असतं, त्याच वेळी खालची उष्णता वर येऊन त्या सहा तुकड्यांना भाजत असते. म्हणून नुसतं "बाहेरून मऊ लागतोय" यावर जाऊ नका. मी जुना तिसऱ्या नंबरचा तुकडा काढला तेव्हा तो बाहेरून नव्यासारखा होता, दोन बोटांत वाकवला तर टोकाशी आतून बारीक भेगांची पूर्ण रिंग उघडली.

बाकीचे फरक किरकोळ. मापाचं म्हणाल तर माझ्या इंजेक्टरला ८ मिमी, म्हणजे ५/१६ इंची बसतो. आर१० टाकीच्या आत बुडवून ठेवायचा, तो इथे लागत नाही, आणि आर९ टाकीत बुडवायचा नाही. बाहेरून स्टीलची जाळी असलेला चकचकीत पाइप मला अजिबात आवडत नाही, जाळीखाली अस्तर कसलं आहे ते कळत नाही आणि भेगा दिसत नाहीत. मला अंगावर अक्षरं छापलेला साधा काळा पाइपच पाहिजे.

क्लिपांबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. पट्टीला आरपार खाचा असलेली साधी वर्म क्लिप आवळली की त्या खाचांतून रबर वर येतं आणि कापलं जातं. इंजेक्शनच्या क्लिपेची पट्टी सलग असते, कडा बाहेर वळवलेल्या असतात, स्क्रू-नटाने गोल आवळली जाते. दोन पैसे जास्त जातात, जाऊ देत.

काढताना आधी प्रेशर सोडा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि इंजेक्टर बाहेर काढून टेबलावर घ्या. ब्लेड पाइपावर उभं दाबून आरपार चिरू नका, खालच्या पितळी बार्बवर (पाइप ज्यावर चढतो त्या टोकावर) ओरखडा पडला की नवा आर९ घातला तरी त्या ओरखड्यातून गळतं. अर्ध्या जाडीपर्यंतच तिरका काप द्या आणि उरलेला हाताने फाडून ओढा. वेळ लागतो, मला सहा इंजेक्टरांना एक अख्खी दुपार लागली.

रिटर्न लाइनला प्रेशर जवळपास नसतं, तिथे आर७ चालेल असं बरेच जण सांगतात. मी तिथेही आर९च लावलाय, कारण घाम काही प्रेशर बघून येत नाही, आणि कपाटात दोन प्रकारचे रोल ठेवले की चार वर्षांनी घाईत हाताला नेमका चुकीचा लागतो.