घसा न बसवता ग्रोल

मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक संगीत, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की गायक जिवाच्या आकांताने ओरडतोय. त्या खरखरीत, गुरगुरणाऱ्या गाण्यालाच ग्रोल म्हणतात. शिकायला निघालेल्यालाही तसंच वाटतं, आणि घशाची वाट तिथेच लागते. तयार गायकासमोर हातभर अंतरावर, त्याचा माइक बंद असताना उभे राहा. आवाज जड असतो, अंगावर येतो, पण फार मोठा नसतो. पुष्कळदा बोलण्यापेक्षा थोडासाच वर. गिटारच्या अँपवर गेनचं, म्हणजे खरखर वाढवणारं, आणि व्हॉल्यूमचं अशी बटणं वेगवेगळी असतात. घशातही खरखर आणि मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉल्यूम पिळून गेन काढायला गेलात की दोन दिवसांत घसा बसतो.

मुंबईत राहणाऱ्यासाठी ही सोयीचीच बाब म्हणायची. भिंतीला भिंत लागलेल्या घरात बसून, शेजाऱ्यांनी बेल न वाजवता ग्रोलचा बराचसा रियाझ होऊ शकतो. उलट, जो ग्रोल फक्त ओरडूनच निघतो तो चुकीच्या जागेवरून निघतोय असं खुशाल समजावं.

जागा म्हणजे कुठली? स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. त्यांची लांबी पुरुषांत साधारण १७ ते २१ मिलीमीटर आणि स्त्रियांत ११ ते १५ मिलीमीटर. आत स्नायू आणि वर मऊ, ओलसर थर. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात. बोलताना पुरुषांचे सेकंदाला १०० ते १३० वेळा, स्त्रियांचे १८० ते २२० वेळा. म्हणजे २०० हर्ट्झवर दहा मिनिटं सलग सूर लावला तर दोन्ही तंतू एकमेकांवर १,२०,००० वेळा आपटतात. हळू आवाजात ही आपट सौम्य असते. ओरडताना ती जोरात होते, वरचा थर सुजतो, सुजलेला तंतू हलवायला जास्त दाब लागतो आणि जास्त दाबाने सूज आणखी वाढते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या शहराचा आवाज बसलेला असतो तो याच कारणाने.

स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी एक जोडी असते. मेटलवाले तिला फॉल्स कॉर्ड म्हणतात. या घड्या जाड असतात आणि त्यांच्यात स्नायू फारसे नसतात. दोन जोड्यांच्या मधल्या खोबणीतल्या ग्रंथींमधून येणारा पातळ चिकट द्रव खालच्या स्वरतंतूंना ओलं ठेवतो. फॉल्स कॉर्डचं मूळ काम राखणदारीचं. घास गिळताना, खोकताना, वजन उचलताना त्या मिटतात. ग्रोलमध्ये त्यांना अर्धवट जवळ आणून त्यांच्यातून हवा सोडायची असते, म्हणजे खरखर तिथे तयार होते आणि खालचे स्वरतंतू फार जोर न लावता आपलं काम करत राहतात.

मंगोलियाशेजारच्या तुवा प्रदेशातल्या कर्गिरा गायनात हे फार नेटकेपणाने घडतं. स्वरतंतूंची दोन कंपनं होईपर्यंत वरच्या घड्यांचं एक होतं. खाली ११० हर्ट्झचा सूर असेल तर कानाला ५५ चा भास होतो, म्हणजे पूर्ण एक सप्तक खाली. मेटलच्या ग्रोलमध्ये कंपनं इतकी शिस्तीत नसतात, म्हणून त्यात नेमका सूर सापडत नाही. पण आवाज मूळ गायकापेक्षा मोठ्या देहातून आल्यासारखा वाटतो त्यामागे बऱ्याच अंशी हीच खालची कंपनं आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की माणसाच्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा चढउतार करते, आणि तो खडबडीतपणा मेंदूला धोक्याची सूचना वाटतो. म्हणजे ऐकणाऱ्याचा थरकाप डेसिबलवर कमी आणि या चढउतारांवर जास्त अवलंबून असतो.

मूळ आवाज उंच असेल तर ग्रोल जमणार नाही, हा गैरसमज अजून टिकून आहे. ॲन्जेला गोसो ही ग्रोल करणारी गायिका २००० साली आर्च एनिमी या मेटल बँडमध्ये आली, तेव्हाच तो संपायला हवा होता.

रियाझाची सुरुवात ग्रोलने करू नये. आधी ग्लासभर पाणी आणि एक रुंद स्ट्रॉ घ्या. कागदी स्ट्रॉ भिजून चपटी होते, त्यामुळे स्टीलची बरी. तिचं टोक पाण्यात ३ सेंटीमीटर बुडवा आणि ओठ घट्ट मिटून "ऊ" असा सूर धरत बुडबुडे काढा. टोक ३ सेंटीमीटर खोल असेल तर बुडबुडा निघायला तोंडात किमान तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो, म्हणजे हा ग्लास दाब मोजायचं यंत्रच झाला. साध्या बोलण्यात स्वरतंतूंच्या खाली असा ५ ते १० सेंटीमीटरचा दाब असतो. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मध्येच उसळले तर श्वास धक्क्याने सुटतोय. तोंडात साठलेला दाब स्वरतंतूंना किंचित दूर ठेवतो, आपट कमी होते, आणि आवाज मोकळा होतो. खालून वर, वरून खाली सूर सरकवत पाच मिनिटं पुरे.

मग एक चाचणी. आरतीची एखादी ओळ तार सप्तकात, शेजारी झोपलेलं बाळ उठणार नाही इतक्या हळू म्हणा. स्वर लगेच लागतो की आधी नुसती हवा जाते आणि मग लागतो, हे लक्षात ठेवा. रियाझ संपल्यावर तीच ओळ त्याच उंचीवर पुन्हा म्हणा. आधी सहज लागलेला स्वर आता अडखळला तर स्वरतंतू सुजले आहेत. मोठ्या आवाजात ही सूज झाकली जाते, हळू आणि उंच स्वरात झाकता येत नाही. शिकणाऱ्याने दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण ही चाचणी रोज करावी.

आता फॉल्स कॉर्ड. ताठ बसा, जबडा सैल सोडा. चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला करतो तसा "हाऽऽ" करा, सूर न लावता. दोन-तीनदा झाल्यावर, भरलेला गॅस सिलेंडर उचलायच्या क्षणी घशात जी पकड येते ती आठवा. ती पूर्ण घेतली तर श्वास थांबतो. आपल्याला ती अर्धीच हवी. त्या अर्ध्या पकडीतून तोच "हाऽऽ" सोडा. जमलं तर कोरडी, खालची, सूर नसलेली घरघर येते. ती स्वरयंत्राच्या वरच्या भागात जाणवते आणि खुपत नाही. तीन सेकंद धरायची, सोडायची, एक श्वास जाऊ द्यायचा. असं पाच वेळा, मग घोटभर पाणी. पहिला महिनाभर दिवसाला एकूण दहा मिनिटांहून जास्त नको, आणि आठवड्यात दोन दिवस सुट्टी. घरघर भरवशाने यायला लागली की तिच्याखाली आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत हलका "अं" जोडायचा. इथे बहुतेकांची घरघर गायब होते, कारण सूर जोडताना श्वासाचा जोर नकळत वाढतो. जोर पुन्हा कमी करा, आणि पकड मात्र सोडू नका.

गुदगुली होऊन खोकला आला तर बहुधा हवा जास्त सोडली जाते आहे आणि ती स्वरतंतूंना कोरडं करते आहे. जळजळ किंवा टोचणी जाणवली तर त्या दिवसाचा रियाझ तिथेच संपला. हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवून पाहा. तो भाग दगडासारखा घट्ट झाला असेल तर जिभेचं मूळ कामाला लागलंय, घशाची आतली पकड नव्हे. मानेच्या शिरा फुगल्या, हनुवटी पुढे गेली, ही त्याच चुकीची बाहेरून दिसणारी रूपं. स्टेजवर ती रुबाबदार दिसतात हे खरं, म्हणून व्हिडिओ पाहून शिकणारे आधी नेमकी तीच उचलतात.

दुसरं तंत्र फ्राय. सकाळी उठल्या उठल्या आवाजात जी करकर असते, जिच्यात एकेक ठोका वेगळा ऐकू येतो, तिथून सुरुवात. अगदी कमी हवेत "अऽऽ" अशी करकर धरायची आणि ती न सोडता सूर हळूहळू वर न्यायचा, शेवटी पातळ, वरच्या आवाजापर्यंत. फॉल्स कॉर्डला हवा भरपूर लागते, फ्रायला अगदी थोडी, म्हणून एका दमात लांब ओळ यातून जास्त सहज निघते. नाद धारदार, वरचा. मात्र दुर्बिणीने आत पाहिलं की बऱ्याचदा फ्राय म्हणवणाऱ्या आवाजातही स्वरतंतूंच्या वरचे भाग जवळ आलेले दिसतात. ही नावं गायकांनी स्वतःला जाणवलं त्यावरून दिली आहेत, तेव्हा नावावरून वाद घालत बसण्यात अर्थ नाही. श्वास आत ओढत काढायचा आवाज मात्र टाळलेला बरा. तो घसा पटकन कोरडा करतो आणि ताब्यात राहत नाही.

रंग बदलतो तो तोंडाच्या आकाराने. जांभईच्या सुरुवातीला स्वरयंत्र खाली जातं. तिथे ठेवून ओठांचा "ओ" केला तर ग्रोल गडद होतो. ओठ पसरून "ॲ" किंवा "ई" केलं तर उजळ. ग्रोलमध्ये स्वर एकमेकांत मिसळतात, शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून. मराठीत लिहिणाऱ्यांकडे इथे हुकमाची पानं आहेत: ख, घ, भ यांच्यातल्या हकारामुळे हवा आपसूक सुटते, आणि ओळीची सुरुवात त्यांच्यावर ठेवली तर आवाज फुटायला सोपा जातो.

साधं गाणं नको, मला फक्त ग्रोल शिकायचाय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा हट्ट महागात पडतो. श्वासाचा एकसारखा दाब, जबड्याचा सैलपणा आणि मऊ सुरुवात या तिन्ही गोष्टी स्वच्छ सुरात शिकणं कितीतरी सोपं, कारण तिथे चूक लगेच ऐकू येते. ग्रोलमध्ये ती खरखरीत लपते. आपल्याकडचा खर्जाचा रियाझ यासाठी उत्तम: पहाटे मंद्र सप्तकात सा, नी, ध, प असं उतरत, प्रत्येक स्वर पूर्ण दमभर, हळू आवाजात. स्वर विरायला लागला की थांबायचं, ढकलायचं नाही. मुंबईत २००० साली सुरू झालेल्या डेमोनिक रिझरेक्शन या मेटल बँडमध्ये साहिल मखिजा ग्रोल आणि स्वच्छ गाणं दोन्ही स्वतःच करतो. असं एका गळ्यात दोन्ही हवं असेल तर मेट्रोनोम ८० वर लावून चार मात्रा सूर, चार मात्रा ग्रोल, पुन्हा सूर, अशी अदलाबदल करावी. ग्रोलनंतरचा सूर बेसुरा किंवा हवेशीर लागत असेल तर ग्रोलमध्ये जोर जास्त झालाय.

जॅमपॅडमध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, मात्र सगळं शिकलेलं विसरायला होतं. लहान खोली, ड्रम शेजारी, एसी थेट तोंडावर. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्ये मांडलं, आणि लोकलच्या डब्यात फोनवर बोलणाऱ्यांकडे पाहिलं की पटतं. उपाय म्हणजे एका कानात इअरप्लग, मॉनिटर, म्हणजे आपला आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर, आपल्याकडे वळवलेला आणि माइक ओठांपासून २ ते ५ सेंटीमीटरवर. इतक्या जवळ साध्या डायनॅमिक माइकमध्ये खालचे स्वर आपोआप वाढतात, जडपणा फुकट मिळतो. माइकचं डोकं मुठीत धरायची लकब मात्र सोडावी. जाळीच्या मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजामुळे माइकला दिशा कळते. ती बाजू झाकली की तो चहूबाजूंचं उचलतो आणि फीडबॅकची शिट्टी वाजते.

पाणी पिताना ते स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. त्याचा उपयोग शरीरात शोषलं गेल्यावर, म्हणजे कार्यक्रमाच्या काही तास आधीपासून पीत राहिल्यासच. वाफ मात्र थेट पोचते. ज्येष्ठमध, खडीसाखर घशाला बरं वाटायला ठीक, पण मेंथॉलच्या गोळ्या दुखणं बधिर करतात आणि थांबायची सूचना हरवते. गिगनंतर रात्री बाराला तिखट चटणीचा वडापाव खाऊन लगेच आडवं होणं आम्लपित्ताला आमंत्रण. आम्ल वर येतं ते स्वरयंत्रापर्यंत. सतत खाकरायची सवय असेल तर दरवेळी घोटभर पाणी गिळा.

गाता गाता आवाज एकदम गेला तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्या क्षणी पूर्ण मौन आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टर. हा धोका ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने वाढतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी ती मनाने घेऊ नयेत. हळूहळू आलेला घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत तो विभाग आहे, आणि आवाजाच्या उपचारासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. वारंवार आपटण्याने होणाऱ्या गाठी बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे येतात. लवकर सापडल्या तर बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय, आवाजाच्या व्यायामांनी उतरतात. तपासणीत स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतू पाहणं, होईल का ते विचारा, कारण साध्या प्रकाशात कंपनं दिसत नाहीत. आणि डॉक्टरांना लाजत "थोडं गातो" असं न सांगता, दुर्बीण आत असतानाच ग्रोल करून दाखवा.