सर्व्हरला व्हायरस लागला नाही, तरी फायली गेल्या

‘आमचा फाइल सर्व्हर लिनक्सवर चालतो, त्याला व्हायरस लागत नाही.’ सीएच्या ऑफिसात, छापखान्यात, शाळेच्या कार्यालयात हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की वाद घालायची सोय उरत नाही. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका फटीतून जगभर धुमाकूळ घातला. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, पण अनेकांनी ते टाकलं नव्हतं. त्याच मे महिन्यात लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या साम्बा या सॉफ्टवेअरमध्येही गंभीर भोक सापडलं. तेव्हा अपडेट दोघांनाही हवेतच.

पण समजा, सर्व्हर अगदी निर्दोष आहे. तरीही फायली जाऊ शकतात. अकाउंट्सच्या टेबलावरच्या पीसीत रॅन्समवेअर शिरतं. त्या पीसीला सर्व्हरचा फोल्डर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडलेला असतो. रॅन्समवेअर पीसीवरच चालतं आणि तिथल्या माणसाच्या लॉगिनने सर्व्हरला सांगतं, ही फाइल उघड, वाचू दे, आता हे लिही. लिहायला सांगितलेला मजकूर कुलूपबंद केलेला असतो. सर्व्हरच्या दृष्टीने हे रोजचंच काम. त्याच्यावरच्या अँटिव्हायरसला पकडायला तिथे प्रोग्रामच नसतो. म्हणून ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला लिहायची परवानगी देऊ नये. सगळ्यांना सगळं खुलं ठेवून वर ‘एआयची ढाल’ विकत घेणाऱ्यांना काय म्हणावं! दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घालायलाही हरकत नाही, फक्त हवेची जाळी झाकू नका.

खरी गंमत आहे स्नॅपशॉटची, म्हणजे फायली एका क्षणी जशा होत्या तशा जपून ठेवण्याची. फाइल डिस्कवर ब्लॉकमध्ये विभागलेली असते आणि कोणता ब्लॉक कुठे आहे याची यादी वेगळी असते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएस या डिस्कवर फायली मांडणाऱ्या व्यवस्थेत भरलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहीत नाहीत. नवा मजकूर रिकाम्या ब्लॉकमध्ये जातो आणि यादीतला पत्ता बदलतो. यादीही ब्लॉकमध्येच असल्याने तीही नव्या जागी लिहिली जाते, तिच्या वरची यादीही, असं थेट मुळापर्यंत. जुनं मूळ जपून ठेवलं की झाला स्नॅपशॉट. फेरफारानंतर सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो किंवा त्यावर रेघ येते, ते पुसलं जात नाही, तसंच हे.

मग जुना ब्लॉक मोकळा कधी करायचा? प्रत्येक पत्त्यासोबत तो ब्लॉक लिहिण्याच्या कोणत्या फेरीत लिहिला त्याचा चढता क्रमांक असतो. हा क्रमांक शेवटच्या स्नॅपशॉटच्या क्रमांकापेक्षा मोठा असेल तरच ब्लॉक मोकळा होतो, नाहीतर राहतो. एका तुलनेत काम संपतं, त्यामुळे स्नॅपशॉट क्षणात निघतो आणि सुरुवातीला जागा जवळपास खातच नाही.

आता रॅन्समवेअरने १ टीबीचा फोल्डर कुलूपबंद केला, तर त्याला साधारण तेवढीच नवी जागा लागेल. जुने ब्लॉक जागच्या जागी. डिस्क भरली तर लिहिणंच अडतं, काम थांबतं, पण जुनं शाबूत राहतं. स्नॅपशॉटने धरलेली जागा एका रात्रीत फुगली, हाच धोक्याचा इशारा.

अट एवढीच की ॲडमिनचा पासवर्ड त्या पीसीवर सेव्ह केलेला नको. तो हाती लागला तर स्नॅपशॉट एका कमांडने उडतात. शॅडो कॉपी या विंडोजच्या स्वतःच्या स्नॅपशॉटवर रॅन्समवेअर पहिला घाव घालतं तो असाच. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर हवीच. आणि सातच दिवसांचे स्नॅपशॉट ठेवले, पण गोंधळ दहाव्या दिवशी लक्षात आला, तर हाती येतील त्या सातही कुलूपबंद प्रती.

तुमच्याकडे काय आहे ते पाहायचं असेल तर विंडोजमध्ये शेअर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडा. यादी रिकामी असेल तर स्नॅपशॉट चालू नाहीत, किंवा ते विंडोजला दाखवायची सोय केलेली नाही. नक्की काय ते सर्व्हर लावून देणाऱ्याला विचारा.