'पूबेल': पॅरिसच्या कचरापेटीला मिळालेलं आडनाव

फ्रान्समध्ये घरातल्या कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' म्हणतात. हे मुळात एका माणसाचं आडनाव, आणि ते डब्याला चिकटलं रागापोटी.

युजेन पूबेल (१८३१–१९०७) हे कायद्याचे प्राध्यापक. १८८३ मध्ये ते सेन विभागाचे 'प्रीफे' झाले; पॅरिसचा कारभार तेव्हा याच अधिकाऱ्याच्या हाती असे. लोक केर सरळ रस्त्यावर टाकत. २४ नोव्हेंबर १८८३ च्या आदेशाने पूबेल यांनी प्रत्येक घरमालकाला भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवायला लावलं. डबा ४० ते १२० लिटरचा, आणि कचराही तीन ठिकाणी वेगळा करायचा: एकात कुजणारा, दुसऱ्यात कागद-चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले.

घरमालक खर्चावरून चिडले. खरी झळ बसली ती 'शिफोनिए' म्हणजे चिंध्या वेचणाऱ्यांना. पाठीवर टोपली आणि हातात आकडा घेऊन ते रस्त्यावरच्या ढिगांतून चिंध्या, हाडं, भंगार गोळा करत आणि विकून पोट भरत. वर्तमानपत्रांनीही या आदेशावर झोड उठवली आणि डब्याला 'पूबेलची पेटी' म्हणायला सुरुवात झाली. पुढे 'पेटी' गळाली, आडनाव उरलं. १८९० मध्ये ते लारूसच्या कोशाच्या पुरवणीत आलंही. पॅरिसची घरं सांडपाण्याच्या गटारांना जोडायची सक्ती १८९४ मध्ये झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. ती मात्र कोणाला आठवत नाही, हा मला अन्याय वाटतो. त्याहून वाईट म्हणजे योजनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग, कचऱ्याचं वर्गीकरण, लोकांनी पाळलाच नाही. घरोघरी वर्गीकरण खऱ्या अर्थाने रुजू लागलं ते १९९२ च्या कचराविषयक कायद्यानंतर.

शब्द मात्र घराबाहेर खूप फिरला. योजना निकालात काढली की ती 'पूबेलमध्ये टाकली', जसा आपल्याकडे अर्ज केराच्या टोपलीत जातो. पराभूत विचारांची रवानगी 'इतिहासाच्या पूबेलांत' होते. दुसऱ्या नामामागे लावला की हा शब्द शिवीच्या जवळ जातो: 'प्रेस पूबेल' म्हणजे चिखलफेक करणारी वर्तमानपत्रं, 'क्लास पूबेल' म्हणजे नकोशी मुलं कोंबलेला वर्ग. खटारा मोटारही पूबेलच. कार्यालयातल्या कागदाच्या टोपलीला मात्र 'कॉर्बेय' म्हणतात, आणि संगणकावर पुसलेल्या फाइलीही तिच्यातच जातात.

'फेर ले पूबेल', शब्दशः 'पूबेल करणं', म्हणजे काही कामाचं मिळेल म्हणून दुसऱ्यांचे डबे चाळणं. शिफोनिए गेले, पण हे काम गेलं नाही. दुकानांमागच्या डब्यांतून अन्न शोधणाऱ्यांबद्दल आजही हेच म्हणतात. काही दुकानं न विकलेल्या अन्नावर ब्लीच ओतत, म्हणजे ते कोणी उचलू नये. फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने खाण्याजोगं अन्न असं नासवायला बंदी केली आणि ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना ते दान करण्यासाठी संस्थांशी करार करणं बंधनकारक झालं.