कोरियात इतके किम आले कुठून?

दक्षिण कोरियाच्या 2015च्या जनगणनेत एक कोटी सहा लाखांहून जास्त लोकांचं आडनाव निघालं ‘किम’. म्हणजे दर पाचांत एक. त्यात ली आणि पार्क मिळवले की जवळजवळ निम्मा देश आटोपतो. शांततेचं नोबेल मिळवणारे माजी राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग आणि ऑलिंपिक सुवर्णविजेती स्केटर किम यु-ना यांना आडनावावरून नातेवाईक समजायचं काही कारण नाही.

आडनावं कमी होत जाण्यामागे गणित आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. एखाद्या पिढीत मुलगाच झाला नाही की ते तिथेच खुंटतं. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1874 मध्ये हे गणित मांडलं. छोटी घराणी झपाट्याने नाहीशी होतात, मोठी टिकतात. पण कोरियाचं कोडं एवढ्याने सुटत नाही. तिथे पाचशे वर्षं टिकलेल्या जोसन राजवटीत असंख्य लोकांना, विशेषतः गुलामांना, आडनावच नव्हतं. 1894च्या सुधारणांत गुलामगिरी गेली आणि 1909च्या कायद्याने सगळ्यांची आडनावानिशी नोंद सुरू झाली. आता आडनाव घ्यायचंच, तर किमसारखं राजघराण्याचं का नको? हाती पैसा असलेले लोक तर त्याआधीपासूनच वंशावळीत नाव घुसवून उमराव होत होते.

किमांमध्येही घराण्याच्या मूळ गावावरून शाखा पडतात: गिमहेचे किम वेगळे, ग्योंगजूचे वेगळे. हे थेट आपल्या गोत्रासारखं. आडनाव आणि मूळ गाव दोन्ही जुळलं, तर लग्नाला कायद्याने बंदी होती! आपल्याकडे सगोत्र विवाहाची कायदेशीर आडकाठी 1946 मध्ये दूर झाली. कोरियात घटना न्यायालयाने 1997 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं आणि 2005 मध्ये ते कायद्यातून गेलं. गिमहेचे किमच चाळीस लाखांहून जास्त आहेत, आणि ते सारे स्वतःला पहिल्या शतकातल्या सुरो राजाचे वंशज मानतात. जनुकशास्त्राच्या हिशेबात मात्र एका पूर्वजाचा वाटा दर पिढीला सरासरी निम्मा होतो. दहाव्या पिढीत तो 1,024 मध्ये एक भाग उरतो, मग साठेक पिढ्यांनंतर काय उरणार? बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं ते फक्त वाय गुणसूत्र, आणि तेही वंशावळ खरी असेल तरच राजाचं.

आडनावातून एवढं कमी कळतं, म्हणून भार येतो नावावर. त्यातलंही एक अक्षर जुन्या घराण्यांत पिढीनुसार आधीच ठरलेलं असतं. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांचे भाऊ इन-युंग आणि से-युंग. मुलं मोंग-कू, मोंग-हन, मोंग-जून. नातू उइ-सन, जी-सन, गी-सन. सामाईक अक्षर एका पिढीत शेवटी, पुढच्या पिढीत आधी, मग पुन्हा शेवटी. त्यामुळे घराण्यातला अनोळखी माणूस भेटला तरी नावावरून त्याची पिढी कळते, आणि वयाने लहान निघाला तरी तो नात्याने काका लागू शकतो.