घणाचा आवाज आणि बुडबुड्यांचा पडदा

समुद्रातली पवनचक्की सागरी जिवांना सर्वांत जास्त छळते ती फिरताना नव्हे, तर तिचा पाया ठोकला जात असताना. उत्तर समुद्रात हा पाया बहुधा एकच पोलादी नळखांब असतो: व्यास ६ ते ८ मीटर, तळात २५-३० मीटर रोवलेला. त्यासाठी हायड्रॉलिक घणाचे हजारो घाव घालावे लागतात.

२००८ साली डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह-२ प्रकल्पात हे ठोकणं सुरू असताना पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी) सुमारे १८ किलोमीटरपर्यंत दूर गेले होते. पॉरपॉइजचं अंग लहान आणि पाणी थंड, त्यामुळे त्याला दिवसरात्र खावंच लागतं. अंगावर नोंदयंत्र लावून पाहिलं, तेव्हा एकेक प्राणी तासाला ५५० पर्यंत लहान माशांवर झडप घालताना आढळला. अशा प्राण्याला दोन दिवस चांगल्या जागेवरून हुसकावणं ही किरकोळ गोष्ट नाही.

जर्मनीने यावर मर्यादा घातली: खांबापासून ७५० मीटरवर एका घावाची ध्वनिमात्रा १६० डेसिबलच्या आत हवी. (पाण्यातल्या डेसिबलचा पाया वेगळा असतो, हवेतल्या आकड्यांशी त्याची तुलना करू नये.) ही मर्यादा पाळायचा रुळलेला उपाय म्हणजे बुडबुड्यांचा पडदा. खांबाभोवती तळावर बारीक भोकांची नळी कड्यासारखी अंथरतात, ती साखळीने जड करतात आणि जहाजावरच्या कॉम्प्रेसरने तीत हवा सोडतात. हवा तेलविरहितच हवी, नाहीतर तेल समुद्रात जातं. बुडबुड्यांच्या थरात ध्वनी विखुरतो, शोषला जातो. १० डेसिबल घट म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांशावर.

हिशेब मात्र नीट करावा लागतो. कड्याची त्रिज्या १०० मीटर धरली तर परीघ सुमारे ६३० मीटर. दर मीटरला मिनिटाला अर्धा घनमीटर हवा धरली, तर मिनिटाला ३०० घनमीटरहून जास्त हवा लागते. ४० मीटर खोलीवर दाब पाचपट, म्हणून तिथे हवेचं आकारमान पृष्ठभागाच्या एक पंचमांशच उरतं. शिवाय बुडबुडा सेकंदाला ३० सेंटिमीटरने चढतो असं धरलं, तर वर यायला त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात अर्धा मीटर प्रति सेकंदाचा प्रवाह त्याला ६०-७० मीटर वाहून नेतो आणि पडदा खांबाच्या बराच जवळ सरकू शकतो. म्हणून कडं गोल न ठेवता प्रवाहाच्या दिशेने लांबट अंथरतात. भोकांत वाळू अडकली की पडद्याला खिंडार पडतं. काही ध्वनी तर तळातल्या मातीतून जाऊन पडद्याबाहेर वर येतो. त्याला बुडबुडे रोखू शकत नाहीत.

पुढचं चित्र बरंच आश्वासक आहे. नेदरलँड्सच्या एग्मॉन्ड आन झे इथे चक्क्या सुरू झाल्यावर पॉरपॉइजचा वावर आसपासपेक्षा आतच जास्त आढळला.

भारतात गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी ५०० मेगावॉटची योजना आहे. पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यात पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज राहतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह फार जोराचे असतात. तिथे कडं किती मोठं आणि किती लांबट हवं, हे उत्तर समुद्राच्या नकाशावरून नाही, तिथलाच प्रवाह मोजून ठरवावं लागेल.