अकादमीची शिडी आणि २०११ चं मतदान : इंग्लंडमधल्या युवा फुटबॉलची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबच्या अकादमीत मुलाची पहिली नोंदणी होते ती ९ वर्षांखालील गटात. त्याआधी क्लब त्याला सरावाला बोलावू शकतो, पण त्याच्यावर हक्क सांगू शकत नाही. नोंदणी आधी एकेका वर्षाची आणि पुढे दोन-दोन वर्षांची असते. मुदत संपत आली की मुलाला ठेवणार की सोडणार हे क्लब कळवतो. १६व्या वर्षी दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण आणि पूर्णवेळ सराव एकाच छताखाली येतात. १७ पूर्ण झाल्यावर पहिला व्यावसायिक करार करता येतो. मग २१ वर्षांखालील संघ, खालच्या विभागात लोनवर (म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडून खेळत) काढलेला एखादा हंगाम, आणि फार थोड्यांच्या वाट्याला पहिला संघ.

या व्यवस्थेबद्दल बोलताना ती शंभर वर्षांची परंपरा असल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात तिची चौकट १९९७ ची आहे, आणि मुलाच्या मोबदल्यात कोणाला किती पैसे मिळणार हे ऑक्टोबर २०११ मध्ये खालच्या विभागांतल्या क्लबांनी केलेल्या एका मतदानाने ठरलं. लहान क्लबांच्या आजच्या बहुतेक तक्रारी त्या मतदानापाशी जाऊन पोहोचतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत मुलांचं फुटबॉल शाळांच्या हातात होतं. क्लबचे हेर शाळांचे सामने पाहायचे आणि शाळा सुटली की मुलाला मैदानावरच्या कामगारांत घ्यायचे. १९६० पासून त्याला ‘ॲप्रेंटिस’ हे अधिकृत नाव मिळालं. काम फारसं बदललं नाही. सकाळी सराव, दुपारी प्रेक्षकांच्या पायऱ्या झाडणं, ड्रेसिंग रूम धुणं आणि नेमून दिलेल्या वरिष्ठ खेळाडूंचे बूट घासून ठेवणं. बूट नीट निघाले नाहीत तर बोलणी खावी लागत. आपल्याकडे युवा संघ असावा ही महत्त्वाकांक्षा मोजक्याच क्लबांना होती. १९५२-५३ मध्ये सुरू झालेल्या युवा चषकाच्या पहिल्या पाचही स्पर्धा मँचेस्टरच्या एकाच क्लबने जिंकल्या, यावरून बाकीच्यांची तयारी कळते. या मुलांच्या सुरक्षिततेकडे तर कोणी पाहतच नव्हतं. १९७० ते २००५ या काळात युवा फुटबॉलमध्ये मुलांचं जे लैंगिक शोषण झालं, त्याचा स्वतंत्र चौकशी अहवाल यायला मार्च २०२१ उजाडावा लागला.

युरोपात तोवर बरंच पुढे गेलं होतं. फ्रान्सने १९७३ पासून व्यावसायिक क्लबांना प्रशिक्षण केंद्र बंधनकारक केलं होतं. बार्सिलोनाने १९७९ मध्ये स्टेडियमशेजारच्या १८व्या शतकातल्या जुन्या शेतघरात मुलांचं वसतिगृह सुरू केलं होतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघटनेने १९८४ मध्ये श्रॉपशरमधल्या लिलेशॉल इथे निवासी शाळा काढली. देशभरातून निवडलेली १४ वर्षांची मुलं तिथे दोन वर्षं राहायची. तिथून पुढे राष्ट्रीय संघात गेलेले खेळाडू आहेत. पण एवढ्या मोठ्या देशासाठी वर्षाला एक छोटी तुकडी कशी पुरणार? १९९९ मध्ये ती शाळा बंद झाली, कारण तोपर्यंत जबाबदारी क्लबांकडे गेली होती.

ती गेली १९९७ च्या गुणवत्ता सनदेमुळे. राष्ट्रीय संघटनेच्या तत्कालीन तांत्रिक संचालकांनी तयार केलेला हा दस्तऐवज माझ्या मते इंग्लिश फुटबॉलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्यापूर्वी मोठ्या क्लबकडेही मुलांसाठी आठवड्यातून एखाद-दोन संध्याकाळचा सराव आणि एक भाड्याचा जिम हॉल असायचा. सनदेने अकादमीला मैदानं, पात्र प्रशिक्षक, वैद्यकीय सोय आणि शिक्षणाची जबाबदारी घेणारा अधिकारी या सगळ्यांची अट घातली. १९९८ पासून अकादम्या सुरू झाल्या. मुलांना शाळा, जिल्हा आणि क्लब अशा तिन्हीकडून खेळवून दमवणं थांबलं, लहान गटांना लहान मैदान आणि कमी खेळाडूंचे सामने मिळाले.

याच सनदेतून प्रवासाच्या वेळेची मर्यादा आली. लहान गटातला मुलगा क्लबपासून एका तासाच्या आत राहणारा हवा, मोठ्या गटातला दीड तासाच्या आत. हेतू मुलांच्या भल्याचा होता. शाळा सुटल्यावर अडीच तास गाडीत काढून सरावाला जाणारं मूल अभ्यास कधी करणार आणि झोपणार कधी? पण या नियमाचा एक परिणाम कोणी फारसा बोलून दाखवला नव्हता. दीड तासाच्या वर्तुळात दुसरा मोठा क्लब नसेल, तर त्या भागातला गुणी मुलगा आपोआप तिथल्या लहान क्लबच्या वाट्याला यायचा. नियमाने कुंपणाचं काम केलं. अर्थात त्यात अन्यायही होता. समुद्रकाठच्या क्लबचं अर्धं वर्तुळ पाण्यात जायचं, तर लंडनमधल्या क्लबांच्या वर्तुळात लाखो मुलं यायची.

कुंपण ओलांडून मुलगा गेलाच तर दोन क्लबांनी आपसात रक्कम ठरवायची आणि जमलं नाही तर लवादाकडे जायचं, अशी पद्धत होती. लवाद त्या मुलाकडे बघायचा : कोणी किती वर्षं शिकवलं, खर्च किती झाला, आधी कोणी काय देऊ केलं होतं. लवादाने लहान क्लबांची नेहमीच कड घेतली असंही नाही. २००८ मध्ये दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा एक १६ वर्षांचा मिडफिल्डर उत्तर लंडनच्या एका मोठ्या क्लबकडे गेला. १५व्या वर्षीच तो पॅलेसच्या पहिल्या संघातून खेळला होता. लवादाने सुरुवातीची रक्कम ठरवली ७ लाख पौंड, पुढच्या सामन्यांनुसार ती १२.५ लाखांपर्यंत जाऊ शकत होती. पॅलेसच्या मालकाची अपेक्षा याच्या कितीतरी पट होती आणि त्याने संताप उघडपणे व्यक्त केला. तरी त्या मुलासाठी स्वतंत्र सुनावणी झाली, त्याची किंमत त्याच्याकडे पाहून ठरली. तीन वर्षांनी नेमकी हीच गोष्ट गेली.

२०१० च्या विश्वचषकात इंग्लंडचा जर्मनीकडून ४-१ असा पराभव झाला आणि खेळाडू घडवण्याच्या पद्धतीवर चर्चा पेटली. जर्मनीने २००० च्या युरो स्पर्धेतल्या नामुष्कीनंतर क्लबांच्या परवान्यालाच युवा अकादमीची अट जोडली होती. तिथली पहिली पिढी आता समोर उभी होती. वरच्या लीगने, म्हणजे प्रीमियर लीगने, आपली नवी योजना मांडली. अकादम्यांचे चार दर्जे, दर्जा ठरवायला बाहेरच्या संस्थेकडून तपासणी, ९ ते २१ या वयात मिळणारे प्रशिक्षणाचे तास ३,७६० वरून ८,५०० वर. वरच्या दर्जाच्या अकादमीचा खर्च वर्षाला २० लाख पौंडांच्या पुढे. सर्वोच्च दर्जाच्या अकादमींना मोठ्या वयोगटांसाठी प्रवासाच्या मर्यादेतून सूट. आणि १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लवादाऐवजी ठरलेला दर.

दर असा होता : ९ ते ११ वयोगटात प्रत्येक वर्षाचे ३,००० पौंड, मग क्लबचा दर्जा काहीही असो. १२ ते १६ या काळात पहिल्या दर्जाच्या अकादमीला वर्षाला ४०,०००, दुसऱ्या दर्जाला २५,००० आणि तिसऱ्याला १२,५००. मुलगा पुढे पहिल्या संघात खेळला तर सामन्यांच्या संख्येनुसार वाढीव रक्कम.

तिसऱ्या दर्जाच्या अकादमीतला एक मुलगा घेऊ. ९ वर्षांखालील गटापासून १४ वर्षांखालील गटापर्यंत तो सहा वर्षं तिथे वाढला आणि मग मोठ्या क्लबने त्याला उचललं. पहिल्या तीन वर्षांचे ९,००० आणि पुढच्या तीन वर्षांचे ३७,५००, मिळून ४६,५०० पौंड. तो मुलगा गटातला बारावा खेळाडू असो की पिढीतून एखादा निघतो तसा असो, दरांच्या या तक्त्याला फरक पडत नाही. शिवाय त्याच सहा वर्षांसाठी पहिल्या दर्जाच्या अकादमीला १,२९,००० पौंड मिळाले असते. म्हणजे मुलगा तोच, पण ज्याच्याकडे आधीच पैसे जास्त त्याला भरपाई जास्त. खर्चाच्या हिशेबाने याचं समर्थन करता येतं. पण लहान क्लब तगत होते ते एखाद्या मुलाची मोठी किंमत मिळून, सरासरी खर्च भरून निघाल्यामुळे नव्हे. दहा वर्षांत असा एक मुलगा निघाला तर बाकीच्या शेकडो मुलांचा सराव त्यातून भागायचा. योजनेच्या समर्थनात यावर समाधानकारक उत्तर मला कुठे आढळलेलं नाही.

खालच्या तीन विभागांतल्या ७२ क्लबांनी यावर मतदान केलं. ४६ बाजूने, २२ विरोधात, तिघे तटस्थ, एक गैरहजर. आकडे पाहिले तर कौल स्पष्ट दिसतो. मात्र ठराव फेटाळला तर वरच्या लीगकडून युवा विकासासाठी येणारा निधी थांबेल, हे मतदानाआधीच सगळ्यांना माहीत होतं, आणि मत बाजूने देऊनही आपण नाइलाजाने दिलं असं काही क्लबांच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा या ४६ मतांना राजीखुशीची संमती म्हणणं मला पटत नाही.

योजना २०१२-१३ च्या हंगामापासून लागू झाली. विकमच्या क्लबने २०१२ मध्ये अकादमी बंद केली, त्यामागे पैशांची इतर तंगीही होती. जास्त बोलकं उदाहरण पश्चिम लंडनच्या ब्रेंटफर्डचं. २०१६ मध्ये त्यांनी अकादमी गुंडाळली आणि कारण स्पष्टच सांगितलं : चांगली मुलं १७ची व्हायच्या आत मोठे क्लब थोड्या पैशांत घेऊन जातात. त्याऐवजी त्यांनी दुसऱ्या क्लबांनी सोडलेल्या थोड्या मोठ्या मुलांचा ‘ब’ संघ उभा केला. पुढे ते वरच्या लीगमध्ये चढले आणि त्यानंतर अकादमी पुन्हा सुरू झाली.

योजनेची दुसरी बाजूही खरी आहे. मुलांच्या दृष्टीने प्रशिक्षण निश्चितच सुधारलं. प्रत्येक मुलाच्या सरावाची, दुखापतीची आणि अभ्यासाची नोंद ठेवली जाते. लहान गटात दर १२ आठवड्यांनी आणि मोठ्या गटात दर सहा आठवड्यांनी प्रशिक्षक, फिजिओ आणि शिक्षण अधिकारी मिळून त्याचा आढावा घेतात. बूट घासणाऱ्या ॲप्रेंटिसच्या काळाशी याची तुलनाच होऊ शकत नाही. २०१७ मध्ये इंग्लंडने २० वर्षांखालील विश्वचषक कोरियात जिंकला आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला कोलकात्यात स्पेनला ५-२ असं हरवून १७ वर्षांखालील विश्वचषकही. हे या योजनेचंच फळ असल्याचं लगेच सांगितलं गेलं. त्यात तथ्य आहे. पण त्याच्या पुढच्याच वर्षी वरिष्ठ विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठलेल्या संघातले कित्येक जण बार्न्सली, शेफील्ड, संडरलँड अशा ठिकाणी जुन्या पद्धतीत घडले होते, हे सांगायचं राहून गेलं.

सोडलेल्या मुलांचा प्रश्न दोन्ही पद्धतींत तसाच राहिला. प्रत्येक गटात ठेवलेल्यांपेक्षा शेवटी सोडलेलेच जास्त. आठ-नऊ वर्षं क्लबचा ट्रॅकसूट घालून शाळेत गेलेल्या मुलाला १६व्या किंवा १८व्या वर्षी एका छोट्या बैठकीत नकार कळतो. क्रिस्टल पॅलेसने अशा मोठ्या मुलांसाठी तीन वर्षांच्या आधाराचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा त्याची बातमी झाली. एवढी साधी गोष्ट बातमी होते, यातच बाकी ठिकाणची स्थिती दिसते.

गेल्या काही वर्षांत मुलाची किंमत मैदानाबाहेरच्या नियमांमुळे वाढत गेली आहे. २०१०-११ पासून वरच्या लीगमध्ये २५ जणांच्या यादीत २१ वर्षांवरचे जास्तीत जास्त १७ खेळाडूच बाहेर घडलेले असू शकतात. बाकीच्यांनी २१व्या वाढदिवसाआधी तीन हंगाम इंग्लंड किंवा वेल्समधल्या क्लबात काढलेले हवेत, राष्ट्रीयत्व कोणतंही चालतं. २०१३ पासून तीन वर्षांत कमाल १०.५ कोटी पौंड तोट्याची मर्यादा आली आणि तिच्यातून अकादमीचा खर्च वगळला गेला. शिवाय अकादमीतून आलेल्या खेळाडूची हिशेबवहीत खरेदी किंमत जवळपास शून्य असते, म्हणून त्याच्या विक्रीची सगळी रक्कम नफ्यात दिसते. जून २०२४ मध्ये हिशेब बंद होण्याच्या तारखेआधी काही क्लबांनी आपल्या अकादमीतल्या मुलांची एकमेकांत जी खरेदी-विक्री केली, तिच्यामागे हेच गणित होतं. त्यातच युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे जानेवारी २०२१ पासून १८ वर्षांखालचा परदेशी मुलगा घेता येत नाही, तेव्हा मोठ्या क्लबांची सगळी मागणी देशातल्याच मुलांवर येऊन पडली.

या तिन्ही गोष्टींमुळे १४ वर्षांच्या गुणी मुलाचं मोल कितीतरी पटींनी वाढलं. तक्त्यातले आकडे मधल्या काळात थोडे वर सरकले, पण पद्धत तीच राहिली. तक्त्यावर घेतलेला मुलगा नव्या क्लबच्या अकादमीचाच धरला जातो, तिथे तीन हंगाम काढले की २५ जणांच्या यादीतही उपयोगी पडतो, आणि विकला तर जवळपास सगळा नफा. लहान क्लबला मोठी रक्कम मिळायची असेल तर मुलगा १७चा होऊन व्यावसायिक करार करीपर्यंत त्याला टिकवून धरावं लागतं. बर्मिंगहॅमला ते जमलं. २०२० मध्ये त्यांचा १७ वर्षांचा मिडफिल्डर जर्मनीतल्या डॉर्टमुंडला गेला तेव्हा सुमारे २.५ कोटी पौंड मिळाले. तोच मुलगा दोन वर्षं आधी देशातल्याच एखाद्या क्लबकडे गेला असता, तर त्याचा हिशेब तक्त्याप्रमाणे झाला असता.